गेटच्या बाहेर उभे असलेले आई-बाबा

(या आठवड्याच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलतानाचे 'अं', 'म्हणजे' आणि मधला कुकरचा आवाज काढलाय, बाकी जसं बोलले तसंच आहे. ज्यांना बसमध्ये किंवा कामाच्या ठिकाणी कानात घालून ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी.)

सोलापुरातून बोलतेय आणि आवाज नीट यावा म्हणून पंखा बंद करून बोलतेय. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सोलापुरात पंखा बंद करणं म्हणजे काय, हे इथल्यांना सांगायला नको. तेव्हा भाग लवकर संपवायचा माझा पूर्ण प्रयत्न राहील.

मागच्या भागानंतर तुमच्यापैकी तिघा-चौघांचे व्हॉइस नोट आले. सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच. 'आम्ही या सुट्टीत मुलांच्या शिबिरात पहिल्यांदा टीचर म्हणून उभे राहणार आहोत. मुलांचं जमेल, पण आई-वडिलांशी कसं बोलायचं?' एकाने तर प्रामाणिकपणे सांगितलं, 'ताई, पालक दिसले की मी आत पळतो.' मीही पळायचे. म्हणून आज त्यावरच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत बहुतेक मंडळ्यांमध्ये पाच ते दहा दिवसांचं मुलांचं शिबिर असतं. आम्ही त्याला व्हीबीएस म्हणतो. बायबलमधल्या गोष्टी, हाताचे हावभाव करत म्हणायची गाणी, हस्तकला, खेळ, खाऊ आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम. ही पद्धत आली अमेरिकेतून. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉज नावाच्या बाईंनी सुट्टीत रस्त्यावर हुंदडणाऱ्या गरीब वस्तीतल्या मुलांना गोळा केलं, तिथून हा प्रकार पसरला असं साधारण सांगितलं जातं. त्या मूळ कल्पनेत एक गोष्ट दडलेली आहे बघा. मुलं रस्त्यावर आहेत, आपण त्यांना गोळा करूया. मुलांचे आई-बाप त्या चित्रात कुठंच नाहीत. आमच्या शिबिरातही कितीतरी वर्षं नव्हते. पालक म्हणजे सकाळी साडेसातला पोरगं गेटवर सोडणारा आणि साडेअकराला घेऊन जाणारा माणूस. मधल्या चार तासांत मूल आमचं.

आता मी केलेली चूक सांगते.

माझं टीचर म्हणून तिसरं वर्ष होतं. दुसरी ते चौथीचा गट माझ्याकडे. आमच्याकडे येणारी जवळजवळ निम्मी मुलं मंडळीतली नसतात. शेजारची, गल्लीतली, वर्गमैत्रिणीच्या हाताला धरून आलेली. त्यांत एक मुलगी होती. नाव नाही सांगत, आपण तिला छोटी म्हणूया. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे, आई घरात विड्या वळायची, घरात भाषा तेलुगू. नोंदणीच्या दिवशी तिला घेऊन आजी आली होती. कपाळाला मोठं कुंकू, हातात पिशवी. तिने मला सरळ विचारलं, 'काय शिकवतात ओ पोरांना?'

मी म्हटलं, 'गाणी, गोष्टी, क्राफ्ट. चांगले संस्कार.'

खोटं बोलले का? शब्दशः नाही. पण तिने जे विचारलं होतं त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं. गाणी कुणाची, गोष्टी कुणाच्या, हेच तिला विचारायचं होतं. हे तिलाही कळत होतं आणि मलाही. तिने दोन क्षण माझ्याकडे बघितलं, 'बरं' म्हणाली आणि गेली. आमच्या त्या वर्षीच्या पत्रकावरही 'बालसंस्कार शिबिर' एवढंच छापलेलं होतं. प्रार्थना हा शब्द नाही, येशूचं नाव नाही. असं का, म्हणून मी एका मोठ्या माणसांना विचारलं होतं. ते म्हणाले, 'अगं, आधीच सगळं सांगितलं तर पोरं येणार नाहीत.' मला ते पटलं होतं, हे कबूल करते.

तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यातून एक कल्पना निघाली. प्रार्थनेची पेटी. बुटाचं खोकं, त्याला सोनेरी कागद चिकटवला, वर फट. मुलांनी आपल्या मनातलं चिठ्ठीवर लिहून टाकायचं आणि आपण सगळ्यांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची. मुलांनी भराभर लिहिलं. आजीचा गुडघा, हरवलेलं मांजर, भावाची दहावी. मी एकेक चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचत होते. एक उघडली आणि वाचून मोकळी झाले. 'आमचे पप्पा पिऊन येतात आनि आईला वरडतात. ते पिऊ नये.'

नाव नव्हतं. पण चौदा मुलं होती आणि कुणाची मान खाली गेली हे तेराजणांनी बघितलं. मी घाईघाईने प्रार्थना केली, गाणं सुरू केलं, विषय संपला असं मला वाटलं. उलट आज मुलं किती मोकळी झाली, असं संध्याकाळी टीचरांच्या मीटिंगमध्ये मी अभिमानाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी छोटी आली नाही. दहाच्या सुमारास तिचे वडील आले. रात्रपाळी करून आलेले दिसत होते, शर्टावर सुताचे बारीक तंतू. गेटच्या आत आले नाहीत. मी बाहेर गेले. मला वाटलं, ओरडतील. ओरडले नाहीत. म्हणाले, 'ताई, मी पितो. खोटं नाही सांगायलो. पण माझ्या पोरीनं ते देवाला लिहिलतं. तुमी गल्लीला वाचून दाखवलात.'

मी 'सॉरी' म्हटलं. ते म्हणाले, 'आता काय.' आणि गेले.

मंडळी, हे वाक्य मी गेली काही वर्षं डोक्यात घेऊन फिरतेय. झालं असं होतं की माझ्याच गटातल्या एका मुलाने घरी जाऊन सांगितलं, त्याच्या आईने नळावर सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत छोटीच्या आईला शेजारणीने विचारलं, 'काय गं, लई त्रास आहे म्हणे?' आता यात कुणाला दोष द्यायचा? मुलाला नाही, नळावरच्या बायकांनाही नाही. ती चिठ्ठी माझ्या हातात आली होती.

त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. एकटी नाही, आमच्या संडे स्कूलच्या एका वयस्कर बाई आहेत, त्यांना घेऊन. या बाईंनी जाण्याआधी मला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, पहाटे किंवा सकाळी जायचं नाही, कारण विडीवाल्या बायका सकाळी कारखान्यात वळलेल्या विड्या देऊन पान-तंबाखू घेऊन येतात, तेव्हा त्यांचा जीव घाईत असतो. दुसरी, बायबल हातात घेऊन जायचं नाही. 'आपण माफी मागायला चाललोय, सुवार्ता सांगायला नाही. दोन्ही एकदम केलं तर माफी खोटी वाटते.' तिसरी, चहा दिला तर प्यायचा.

गेलो. छोटीची आई सुपात पान घेऊन बसली होती. आमच्याशी बोलताना तिचे हात थांबले नाहीत. मी आधी ते बघून अवघडले, मग लक्षात आलं की हजार विड्यांवर मजुरी मिळते, हात थांबला की पैसे थांबतात. ती माझा अपमान करत नव्हती, कामावर होती. आणि आपण किती सहज म्हणतो, 'या पालकांना रसच नाही, मीटिंगला येत नाहीत'! अहो, मीटिंग आपण सकाळी अकराला ठेवतो. नवरा रात्रपाळीवरून येऊन झोपलेला, बायको सूप घेऊन बसलेली. कोण येणार?

त्या दिवशी माफी मागून झाल्यावर आजी आतून आली आणि तिने तोच प्रश्न परत विचारला. 'काय शिकवतात ओ पोरांना?' या वेळी मी नीट उत्तर दिलं. येशूच्या गोष्टी सांगतो, प्रार्थना करतो, डोळे मिटायला सांगतो, बायबलमधलं एक वचन पाठ करून घेतो, मग क्राफ्ट आणि खेळ. आजी म्हणाली, 'मग हे पहिल्या दिवशीच सांगायचं की. मी पाठवलंच असतं. शाळेत पण प्रार्थना असतेच.' थोडं थांबून म्हणाली, 'नसतं पाठवलं तरी ते माझं मी बघितलं असतं.'

तिचं हे दुसरं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पाठवायचं की नाही हे ठरवायचा अधिकार तिचा होता आणि 'चांगले संस्कार' म्हणून मी तो तिच्या हातातून काढून घेतला होता.

इथं थोडी गाडी मागे नेते. सोलापूरच्या पालकांना मुलांच्या बाबतीत संस्थांची, सरकारची, मिशनची भीती का वाटू शकते, याला या शहरात एक जुना इतिहास आहे. आपण रोज 'सेटलमेंट'ला जायचंय म्हणून रिक्षावाल्याला सांगतो. सेटलमेंट म्हणजे काय, हे किती जणांना माहीत आहे? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. सोलापुरात गिरण्या होत्या, मजूर हवे होते. कैकाडी, पारधी आणि अशाच इतर समाजांतली कुटुंबं तारेच्या कुंपणाआड आणून ठेवली. रोज हजेरी, बाहेर जायला परवानगी. यातल्या वसाहतीचा कारभार सरकारने काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे सोपवला होता. मिशनने तिथं शाळा चालवल्या, दवापाणी केलं, कामधंदा शिकवला, हेही खरं. पण त्या १९११ च्या कायद्यात एक कलम होतं, सतरावं. सहा वर्षांपेक्षा मोठ्या आणि अठरापेक्षा लहान मुलांना आई-बापांपासून वेगळं काढून सुधारशाळेत ठेवायचा अधिकार त्याने सरकारला दिला होता.

विचार करा. कायदाच म्हणतो की तुमच्या मुलाचं भलं व्हायचं असेल तर ते तुमच्यापासून दूर गेलं पाहिजे. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, त्या दिवसाला आजही विमुक्त दिन म्हणतात. कायदा गेला, पण त्यामागचा विचार इतक्या सहज जात नाही. 'पोरगं चांगलं आहे हो, पण घरचं वातावरण...' हे वाक्य मी टीचरांच्या खोलीत किती वेळा ऐकलंय, स्वतः म्हटलंय. प्रार्थनेची पेटी उघडताना माझ्या मनात तरी दुसरं काय होतं? घर म्हणजे अडचण आणि शिबिर म्हणजे सुटका.

दुसरी गोष्ट पुण्याची. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन. ११ मार्च १८८९ ला मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला हललं. विधवा आणि मुलींसाठी निवासी शाळा. रमाबाई स्वतः ख्रिस्ती, पैसा अमेरिकेतून, मुली बहुतेक ब्राह्मण घरांतल्या. सल्लागार मंडळावर रानडे आणि भांडारकरांसारखी माणसं. मुलींना आपापला धर्म पाळायची मोकळीक आहे, कुणावर ख्रिस्ती धर्म लादणार नाही, असं रमाबाईंनी सांगितलेलं होतं. त्यांनी लादलाही नाही. पण त्या आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं असायचं. ज्या मुलींना यावंसं वाटे त्या येऊन बसायच्या. १८९३ मध्ये यावरून मोठं वादळ झालं. केसरीने झोड उठवली, सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले आणि वीसहून जास्त मुलींना त्यांच्या पालकांनी काढून नेलं.

मी कॉलेजमध्ये असताना हे वाचलं तेव्हा पूर्णपणे रमाबाईंच्या बाजूने होते. आजही त्यांच्या धैर्याबद्दल मला शंका नाही. स्वतःच्या खोलीचं दार त्यांनी बंद का करावं? पण आता मला त्या पालकांचंही ऐकू येतं. 'लादणार नाही' हे शब्द दोघांनी ऐकले, अर्थ मात्र दोन काढले. रमाबाईंच्या लेखी जबरदस्ती नसणं म्हणजे मोकळीक. पालकांच्या लेखी मुलीने त्या खोलीत बसायचंच नाही, म्हणजे मोकळीक. या दोन अर्थांमधलं अंतर बोलून मिटवलं गेलं नाही आणि ज्यांचं नुकसान झालं त्या शेवटी मुलीच. ज्यांना काढून नेलं त्यातल्या किती जणी पुन्हा पाटी घेऊन बसल्या असतील?

आमच्या पाच दिवसांच्या शिबिराची शारदा सदनाशी तुलना करण्याएवढी मी वेडी नाही. पण अडचण तीच आहे. आपल्याला वाटतं आपण सांगितलंय, समोरच्याला वाटतं आपल्याला सांगितलंच नाही.

मग आम्ही काय बदललं, ते सांगते. सगळं जमलंय असं नाही.

पत्रक बदललं. आता त्यावर सरळ लिहिलेलं असतं की हे ख्रिस्ती मंडळीचं शिबिर आहे, रोज प्रार्थना असते, बायबलमधल्या गोष्टी असतात, पालकांनी कधीही येऊन मागे बसावं. मराठीत आणि तेलुगूत छापतो, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांसाठी टीचर तोंडी वाचून दाखवतात. खाली एक ओळ आहे: प्रार्थनेच्या वेळी आपल्या मुलाने बाजूला बसून चित्र काढलेलं चालेल का, की सगळ्यांबरोबर बसलेलं चालेल? पालकांनी खूण करायची. या ओळीवरून आमच्यात जवळजवळ भांडण झालं. एक जण म्हणाला, मग शिबिर कशाला घ्यायचं? त्यावर आमच्या पाळकसाहेबांनी राज्यघटना काढली. कलम २८ च्या तिसऱ्या पोटकलमात म्हटलंय की सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येणार नाही आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागेल. आपलं शिबिर काही शाळा नाही, त्याला हे कलम थेट लागू होत नाही. पाळकसाहेबांचं म्हणणं एवढंच होतं की शाळेने जे विचारायला हवं ते मंडळीने न विचारता घेऊ नये.

मुलं कमी झाली का? पहिल्या वर्षी झाली. अकरा मुलं कमी आली, मी मोजली. पुढच्या वर्षी त्यातली काही परत आली, काही कधीच आली नाहीत. ती आली नाहीत म्हणून मला वाईट वाटतं, पण त्यांच्या घरच्यांनी माहिती घेऊन ठरवलं, याचं वाईट वाटत नाही.

शेवटच्या दिवशी मुलांना पुढे बोलावून 'कोण कोण येशूला स्वीकारतंय, हात वर करा' असं म्हणण्याची जुनी पद्धत होती. ती आम्ही बंद केली. आठ वर्षांचं मूल टीचरला खूश करायला कशालाही हात वर करतं. चॉकलेट कुणाला हवंय, तरी तेच हात. आणि दुसऱ्या घरातल्या मुलाने असा हात वर केला हे त्याच्या आई-बापांना तिसऱ्याकडून कळणं म्हणजे माझ्या चिठ्ठीचीच पुढची आवृत्ती. हे मत सगळ्या मंडळ्यांना पटणार नाही, मला माहीत आहे. तुमचं वेगळं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, वाजवीन.

फोन. हे माझं आवडतं. पूर्वी आम्ही पालकांना फोन कधी करायचो? मूल पडलं, मूल भांडलं, मूल आलं नाही. म्हणजे आमचा नंबर दिसला की आईच्या पोटात गोळा. आता पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक घरी चांगल्या गोष्टीसाठी एक फोन किंवा व्हॉइस नोट जातो. 'तुमच्या मुलाने आज आपला सुशीला वाढून घ्यायच्या आधी शेजारच्या छोट्याला दिला.' 'तुमची मुलगी गोष्ट ऐकताना असा प्रश्न विचारते की मला रात्री शोधावं लागलं.' 'तुमचा मुलगा खूप हुशार आहे' असलं गुळगुळीत काही बोलायचं नाही. ते कुणाच्याही मुलाबद्दल बोलता येतं आणि ते आईला बरोबर कळतं. आज, इथे, तुमच्या मुलाने काय केलं, ते सांगायचं. यासाठी आधी मुलाकडे बघावं लागतं, हा त्यातला छुपा फायदा. आणि व्हॉइस नोटच का, तर कित्येक पालकांना टाइप केलेलं वाचणं जड जातं. विड्या वळता वळता, मागावर दुपारच्या सुट्टीत ऐकता येतं. आपला पॉडकास्टही तुम्ही असाच ऐकता ना?

एका आजोबांनी मला उलट फोन केला होता. म्हणाले, 'टीचर, एवढ्या वर्षांत कुणी याच्याबद्दल तक्रार सोडून फोन केला नव्हता, मी आधी उचललाच नाही.'

गटावर फोटो टाकण्याबद्दल. विचारून. नेहमी विचारून. डिजिटल माहितीच्या २०२३ च्या कायद्यातही अठराखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. पण कायदा बाजूला ठेवा. डोळे मिटून हात जोडलेल्या मुलीचा फोटो तुम्ही 'किती गोड' म्हणून स्टेटसला ठेवता, तोच फोटो तिच्या काकाच्या फोनवर गेल्यावर तिच्या घरात काय होईल, हे तुम्हाला माहीत नसतं.

आता अवघड भाग. प्रार्थनेची पेटी अजून आहे. सोनेरी कागद निघालाय, पण आहे. मुलं लिहितात, फक्त आता ती गटासमोर उघडत नाही. दोन मोठ्या टीचर मिळून वाचतात. बहुतेक चिठ्ठ्या मांजर आणि गुडघ्यांच्याच असतात. पण कधी एखादी अशी येते की हात थांबतो.

इथं एक फरक नीट समजून घ्या, कारण मी आत्तापर्यंत जे बोलले त्याचा कुणी उलटा अर्थ काढेल. घरातली गोष्ट घरात राहू द्या, याचा अर्थ काहीही झालं तरी गप्प बसा, असा नाही. वडील पितात, घरात पैशाची ओढाताण आहे, आई-बाबा भांडतात, हे त्या घराचं दुःख आहे. त्याबद्दल त्याच घरातल्या मोठ्या माणसाशी, एकांतात, आपण मदतीला आहोत एवढं सांगून थांबायचं. पण मुलाच्या अंगाला कुणी वाईट हात लावतंय, असं मुलाच्या बोलण्यातून कळलं, तर ते घराचं खासगी राहत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ज्याला हे कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. मग करणारा घरातला असो, मंडळीतला असो की टीचर असो. विशेषतः आपल्यातला असेल तर 'मंडळीची बदनामी नको' म्हणणारे आवाज उठतात, ते ऐकायचे नाहीत. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे. आणि मूल म्हणालं, 'टीचर, कुणाला सांगणार नाही ना?' तर 'नाही सांगणार' असं वचन देऊ नका. मी मुलांना सांगते, 'मी हे चारचौघांत सांगणार नाही. पण तुला सुरक्षित ठेवायला ज्याला सांगावं लागेल त्याला सांगेन आणि सांगायच्या आधी तुला सांगेन.'

हेसुद्धा आम्ही आता पालकांना पहिल्या दिवशी सांगतो. शिबिरात दोन मोठी माणसं असल्याशिवाय मूल एकटं कुठल्या टीचरबरोबर नसेल, आणि मुलाने धोक्याचं काही सांगितलं तर आम्ही काय करू. मला वाटलं होतं पालक घाबरतील. एक रिक्षा चालवणारे वडील उलट म्हणाले, 'हे शाळेत कुणी सांगत नाही बघा.'

तर छोटीचं काय झालं, असं तुम्ही विचारणारच.

त्या वर्षी ती परत आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. त्याच्या पुढच्या वर्षी नोंदणीला आजी आली, पत्रक हातात घेतलं, तिला वाचता येत नव्हतं म्हणून नातीकडून वाचून घेतलं, शेवटच्या ओळीपर्यंत. प्रार्थनेच्या वेळी बाजूला बसून चित्र काढेल, यावर खूण केली. छोटी पाचही दिवस बाजूला बसून चित्रं काढत होती. एकदा तर सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना तिने आम्हा सगळ्यांचं चित्र काढलं, मी त्यात जरा जास्तच जाड आलेय.

वडील अजून पितात का, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. शेवटच्या दिवशीच्या कार्यक्रमाला ते आले, पण आत नाही. गेटच्या बाहेर, कडुनिंबाखाली सायकल लावून उभे होते. मी खुर्ची घेऊन बाहेर गेले. 'नको ताई, इथनं दिसतंय की,' म्हणाले. मी खुर्ची तिथंच ठेवली आणि आत आले. नंतर बघितलं तर खुर्चीवर एक दुसरीच बाई बाळ घेऊन बसली होती आणि ते तिच्या शेजारी उभे राहून मुलीचं गाणं मोबाइलवर शूट करत होते.

चला, घाम पुसायला लागलेय, पंखा लावते आता. पुढच्या भागात शिबिरातल्या खाऊबद्दल बोलूया, चाळीस मुलांना उन्हात काय द्यायचं आणि काय अजिबात द्यायचं नाही. तुमच्याकडे शिबिरात पालकांशी काही बिनसलं असेल, जमलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. मुलांची नावं तेवढी घेऊ नका.